खुर्चीहून उंच ओटा

पुसद
४ डिसेंबर १९५६

ती. उत्तमदादा,

तुझं पत्र मिळालं. आशीर्वाद दोन ओळींचे आणि उपदेश दोन पानांचा, म्हणजे तू ठणठणीत आहेस हे कळलं. चुलतभाऊ असलास तरी सख्ख्यापेक्षा जास्त रागवायचा हक्क तुला आहेच. तू आधी मुंबईला जाऊन दातांचा डॉक्टर झालास आणि मग माझ्या बापूंच्या मागे लागून मलाही तिथे धाडलंस. नाहीतर आज मी तांड्यावर अंगण सारवत असते. पण म्हणून तू म्हणशील तिथे मी जाऊन बसावं, असं थोडंच आहे?

हकीकत अशी. बाजाराच्या रस्त्यावर खोली घेतली. ‘डॉ. कोकिळा राठोड, दातांचा दवाखाना’ अशी पाटी लागली. बापूंचे दोस्त हबीब मिस्त्री यांनी पायानं चालवायचं ड्रिल तेलपाणी करून बसवून दिलं. खुर्ची मुंबईहून जुनी आणली, पण घासूनपुसून अशी केली आहे की पाहणाऱ्यानं पाहत राहावं. सगळं जय्यत आहे, फक्त पेशंट नाहीत.

म्हणजे येतात. दारात उभे राहतात, खुर्चीकडे पाहतात, “बाई, बाजार करून येतो” म्हणतात आणि जातात ते जातातच. त्यातून बायका तर जास्तच. समोर कडुलिंबाखाली एक जण गोणपाट अंथरून दात उपटायचा चिमटा घेऊन बसतो, आणि बाजाराच्या दिवशी त्याच्यापुढे ही गर्दी! मी बाई डॉक्टर, बायकांसाठी म्हणून इथे आले, आणि माझ्या दारात माश्या. रडू येत नाही दादा, राग येतो.

तू लिहितोस, ‘दात कोरून पोट भरत नाही, त्यात पुसदला तर मुळीच नाही. सामान बांध आणि नागपूरला ये. माझ्या दवाखान्यात दुसरी खुर्ची टाकू.’ तुझा दवाखाना नागपूरच्या सदर भागातला, साहेबलोकांचा, ठाऊक आहे मला. पण मला इथेच चालवायचा आहे. बापू लढाईच्या काळात लष्करातल्या दातांच्या डॉक्टरच्या हाताखाली होते. तिथून परत आल्यापासून एकच म्हणतात, आपल्या माणसांची तोंडं कधी कोणी नीट उघडून पाहिली नाहीत. ती मला पाहायची आहेत.

तरी तुझी अट मंजूर. पुढच्या दिवाळीपर्यंत माझा दवाखाना स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही, तर मुकाट्यानं येईन आणि तुझ्या दुसऱ्या खुर्चीवर काम करीन. पण अट एकतर्फी नको. तुझा दवाखाना कधी चालेनासा झाला, तर तू पुसदला यायचं आणि माझ्या दुसऱ्या खुर्चीवर काम करायचं. सहीनिशी लिहून पाठव.

भागीरथावहिनींना नमस्कार.

तुझी,
कोकिळा


नागपूर
२० डिसेंबर १९५६

चि. कोके,

अनेक आशीर्वाद. तुझी उलटी अट मी भागीरथेला वाचून दाखवली तर ती हसता हसता चुलीवरचं दूध विसरली. दुधाची भरपाई तू करायचीस. अट मंजूर आहे. ही घे सही: उत्तमसिंग राठोड. मी पेशंट शोधत पुसदला येईन त्या दिवशी पूस नदी उलटी वाहायला लागेल, हेही लिहून ठेव.

आता तुझ्या दुखण्याकडे येतो. निदान सोपं आहे. लोक भितात. आपल्याकडचा माणूस वाघासमोर उभा राहील, पण चिमटा दिसला की त्याला घरची कामं आठवतात. तेव्हा हत्यारं झाकून ठेव. ड्रिलवर कापड टाक. दाराला फुलाफुलांचा पडदा लाव, भिंतीवर देवाचं कॅलेंडर टांग. आणि गोड बोल. हे शेवटचं औषध तुझ्या बाबतीत अवघड आहे, तरी प्रयत्न कर.

इकडे सगळं छान आहे. नागपूरची राजधानी गेली, कचेऱ्या भोपाळला हलल्या, म्हणून लोक उगाच हाय खाऊन बसले आहेत. सिव्हिल लाइन्समधले काही बंगले रिकामे झाले खरे. पण चार साहेब गेले तर आठ शेटजी येतील. दातांना काय, राजधानी असो नसो, ते किडायचेच.

सोबत दातांच्या रंगांची पट्टी पाठवत आहे. कवळी करताना पेशंटच्या दाताचा रंग जुळवायला तुला लागेल. माझ्याकडे दोन आहेत, एक नुसती पडून होती.

तुझा,
उत्तमदादा


पुसद
१८ मार्च १९५७

ती. उत्तमदादा,

पडदा लावला. कॅलेंडर टांगलं. ड्रिलवर असं कापड टाकलं की आत नवरी बसली आहे असं वाटावं. गोडही बोलले, घसा बसेपर्यंत बोलले. काही उपयोग झाला नाही, कारण तुझं निदान चुकलं आणि माझंही चुकलं. सविस्तर लिहिते, कारण हे तुलाही कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

गेल्या बाजाराला माळावरच्या तांड्यातली चंदाबाई आली. नवी सून, पोर विशीतली. गाल असा सुजला होता की एक डोळा मिटायला आलेला. बरोबर सासू धुरपताबाई. सासू सतरंजीवर टेकली. मी चंदाला खुर्ची दाखवून म्हटलं, बस. तिनं खुर्चीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, घुंगट आणखी खाली ओढलं आणि म्हणाली, “थांबलं बाई दुखनं.” आणि चालू लागली! मी रस्त्यापर्यंत ओरडत गेले. गोड बोलणं तिथेच संपलं.

दोन दिवसांनी हबीब मिस्त्री सांगत आले, की लिंबाखालच्या माणसानं तिचा दात मोडला, मूळ आतच राहिलं आणि पोर तापानं फणफणली आहे. बॅग उचलली, बैलबंडी केली आणि तांड्यावर गेले. अंगणात चंदा माझ्यासमोर उकिडवी बसली. घुंगट मागे सारलं. न सांगता तोंड उघडलं. मी बधिर करायची सुई टोचली तर पापणीसुद्धा हलवली नाही. पू निचरला, मूळ निघालं, चूळ भरून झाली, आणि बाई हसल्या. ही म्हणे भित्री!

मी विचारलं, “काहून व चंदा? सुई तर हसत घेतली. मंग दवाखान्यातून पळाली काहून?”

ती सासूकडे पाहून अगदी हळू म्हणाली, “सासूबाई खाली बसल्या होत्या ना. म्या त्याह्यच्या समोर त्या उच्च्या खुर्चीवर कशी बसू? माहे पाय त्याह्यच्या डोक्यापाशी लोंबकळून राह्यले असते.”

धुरपताबाई सुपारी कातरता कातरता म्हणाली, “अन् बसली असती तं म्या बसू देली असती काय? डाक्टरीनबाई, तू लय शिकली, पन कोनाची सून नाही झाली.”

दादा, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या आईनं, आपल्या याडीनं, आजीसमोर कधी खाटेवर बूड टेकलं होतं का? मी आठव्या वर्षी वसतिगृहात गेले. तिथून मुंबई. सगळीकडे बाक आणि खुर्च्या. हे सगळं माझ्याच घरातलं, आणि मीच विसरले. लिंबाखाली गर्दी का होते तेही कळलं. तिथे सासू, सून आणि दात काढणारा, तिघंही जमिनीवर. कोणी कोणाच्या वर नाही.

मी म्हटलं, मग सासूबाईंनी बाहेर ओसरीवर बसावं. धुरपताबाई उसळलीच. “माह्या सुनेचं तोंड तू उघडशील, अन् म्या रस्त्यावर बसून मानसं मोजू?” तेही खरंच आहे.

जमिनीवर बसून सगळं काम होत नाही. ड्रिल पायानं चालवायचं, उजेड वरून यायचा, माझी पाठ किती दिवस टिकणार? खुर्ची खाली आणता येत नाही. तेव्हा सासू वर न्यायची. उद्यापासून गवंडी लागतो आहे. खुर्चीच्या समोरच्या भिंतीला लागून, खुर्चीच्या बैठकीहून हातभर उंच ओटा. चढायला पायऱ्या, टेकायला लोड. खोलीतली निम्मी जागा जाईल, जाऊ दे.

हसलास तर याद राख.

तुझी,
कोकिळा


नागपूर
६ एप्रिल १९५७

चि. कोके,

हसलो. शेजारचा कापडवाला विचारायला आला इतका हसलो.

अगं, हा दवाखाना आहे की गावची चावडी? आपण स्वच्छतेचे धडे घेतले ते काय ओट्यावर म्हाताऱ्यांना सुपारी खात बसवायला? जगातला पहिला दातांचा दवाखाना, जिथे डॉक्टर खाली, पेशंट मध्ये आणि सासू सगळ्यांच्या वर! खोली लहान, त्यात तू निम्मी भिंतीला देऊन टाकलीस. कोके, हट्ट वेगळा आणि धंदा वेगळा. चालू साल बरं नाही. बाहेरून येणाऱ्या मालावर सरकार हात आखडणार असं मुंबईचे व्यापारी म्हणतात. आपले दात, सुया, बधिर करायचं औषध, सगळं बाहेरचं. अशा वेळी विटा विकत घ्यायच्या नसतात. हातचं राखून वागायचं असतं.

दिवाळी काही लांब नाही. तुझ्यासाठी खुर्चीची जागा राखून ठेवली आहे.

पत्ता बदलला आहे, पाकिटावर नीट पाहून घे. मी इतवारीत आलो. सदरातली जागा गैरसोयीची होती. इथे सोन्याचांदीचे व्यापारी आहेत, त्यांना दातांवर सोन्याच्या टोप्या चढवायची हौस दांडगी. उलट बरंच झालं.

तुझा,
उत्तमदादा


पुसद
२८ ऑक्टोबर १९५७

ती. उत्तमदादा,

दिवाळी झाली. मी पुसदलाच आहे. आणि तुला एक फराळाचा डबा पाठवते आहे, त्यातल्या चकल्या माझ्या हातच्या आहेत, तेव्हा आधी दातांची खात्री करून घे.

ओट्याची हकीकत ऐक. पहिल्या दिवशी धुरपताबाई आल्या, सून मागे. मी नुसता ओट्याकडे हात केला. बाईंनी पायऱ्या पाहिल्या, लोड पाहिला, खुर्चीकडे पाहून नजरेनंच माप घेतलं. मग लुगडं आवरून चढल्या, ऐसपैस बसल्या, बांगड्या सारख्या केल्या आणि वरून हुकूम सोडला, “बस व आता चंदा.” चंदा बसली! दादा, मी त्या क्षणी आनंदानं ओरडायचीच बाकी होते.

पुढे जे झालं ते माझ्याही डोक्यात नव्हतं. वरून सासूला सुनेचं तोंड आरपार दिसतं. “अवं, मांगचा बी काळा हाय, थो कायले सोडून राह्यली?” आता धुरपताबाईंना माझ्याहून जास्त किडलेले दात दिसतात. गावोगावी त्याच सांगतात, पुसदच्या डाक्टरनीकडे मोठ्यांचा मान राहते. त्यांच्या शब्दावर पार दिग्रसकडून बंड्या येतात. मागच्या आठवड्यात रुपीबाई नावाची म्हातारी सुनेला घेऊन आली, तासभर ओट्यावर बसली, मग उतरून म्हणाली, “आता माहं बी पाहा.” मी म्हटलं, तुम्ही खुर्चीवर बसणार? तर म्हणते, “माह्याहून मोठं इथी कोन हाय? म्या कुठी बी बसीन.” तिचीच कवळी माझी पहिली.

स्वच्छतेचं म्हणशील तर सुपारी बाहेर ठेवून मगच पायरी चढायची, हा नियम आहे. तोही आता धुरपताबाईच पाळायला लावतात.

तू मालाचं लिहिलंस ते खरं ठरलं. मुंबईहून मागवलेले दात निम्मेच आले, औषध तर जेमतेम. म्हणून मी ठरवलं आहे, दात उपटून नवे बसवण्याच्या मागे लागायचं नाही, असलेले वाचवायचे. घासायला शिकवायचं, वेळेवर भरायचं. त्याला परदेशी माल कमी लागतो. ज्या साली कापूस बुडेल त्या साली फी कमी करीन, पण फुकट नाही. फुकटच्या औषधाचा गुण येत नाही असं आपली माणसंच म्हणतात. दुसऱ्याचे दात कोरून पोट भरतं, बरं का दादा.

एक विचारते. तू पाठवलेल्या रंगांच्या पट्टीत खालच्या रांगेतला एक दात नाही. तो मीच हरवला होता, परीक्षेनंतर तुझ्याकडे काम शिकत होते तेव्हा. तू तेव्हा तुझी एकुलती एक पट्टी म्हणून मला किती बोलला होतास! मग दुसरी कुठली?

तुझी,
कोकिळा


नागपूर
१५ जानेवारी १९५८

चि. कोके,

चकल्या खाल्ल्या. माझे दात शाबूत आहेत, भागीरथेचा एक हलतो आहे. तू जिंकलीस हे मान्य. ओट्याबद्दल जे बोललो ते परत घेतो, पण निम्मंच.

पट्टीचं काय घेऊन बसलीस? मी नंतर नवी घेतली. इतवारीत काम भरपूर आहे, तेव्हा पत्रं लहान झाली तर समजून घे. सुयांचं एक खोकं पाठवतो आहे, इकडे जास्त झाल्या आहेत.

तुझा,
उत्तमदादा


पुसद
९ ऑगस्ट १९६०

ती. उत्तमदादा,

वर्षभरात तुझी दोन पोस्टकार्डं. मोठा माणूस झालास, सोन्याच्या टोप्या घालतोस शेटजींना, तुला कुठला वेळ! रागानं लिहीत नाही. थोडं रागानंच लिहिते आहे.

इथे आता वीज आली. खुर्चीवर दिवा टांगला आहे, दवाखान्यात एवढा एकच. तरी पायाचं ड्रिल ठेवलं आहे, कारण वीज येते तशी जातेही. शेजारची खोली मिळाली, मधली भिंत पाडली. पुरुषही येतात, तांड्यांचे म्हातारे नाईकही. ते ओट्यावर बसून पंचायती करतात आणि मध्येच आपला नंबर आला की उतरतात. माल कधी मिळतो, कधी नाही. मिळाला की आधी बधिर करायचं औषध घेते, बाकी मग. सुईशिवाय दात काढायचा नाही, हे मी भिंतीवर लिहिलं आहे.

एकाच गोष्टीत अडते. कवळी माझ्या हातची बरी होते, तुझ्यासारखी होत नाही. तुझी घातली की माणूस ऊस खायचा. माझी घातली की लोक जपून हसतात. एकदा येऊन शिकव. दोनच दिवस ये. वहिनींना आण.

बापू विचारतात, उत्तम येत का नाही? मी सांगते, त्याचं फार चालतं म्हणून.

तुझी,
कोकिळा


नागपूर
२२ फेब्रुवारी १९६३

चि. कोके,

बापूंना नमस्कार. यायला जमलं नाही, याचं वाईट वाटतं.

सोन्याचा नवा कायदा तुमच्याकडेही पोचला असेल. आता चौदा कॅरेटच्या वरचा दागिना घडवायचा नाही. दाताच्या टोपीला तो लागू की नाही हे कोणाला नीट सांगता येत नाही, आणि सोनार तर हातच लावायला तयार नाहीत. शेटजी म्हणतात, असलं मिसळीचं सोनं तोंडात घालण्यापेक्षा फट बरी. देशावर लढाई आली, त्यापुढे टोपीचं काय एवढं. पण इतवारीतली सोनारांची रांगच्या रांग हात बांधून बसली आहे.

ते असो. लिहिण्याचं कारण वेगळं. माझी खुर्ची तुझ्याकडे पाठवत आहे. मी नवी, विजेवर चालणारी घेतो आहे, तेव्हा ही अडगळ होईल. तू खोली वाढवलीस, तुला दुसरी लागेलच. ट्रकवाला तुमच्या पुसदचाच आहे, रहमत नावाचा. नीट उतरवून घे. उजव्या हाताची पितळी पट्टी ढिली आहे.

हिशेबाचं काही लिहू नकोस. भावानं बहिणीला दिली.

तुझा,
उत्तमदादा


पुसद
११ मार्च १९६३

ती. उत्तमदादा,

खुर्ची आली. रहमतनं आणि हबीब मिस्त्रींनी उतरवली. मी पितळी पट्टीवर हात ठेवून कितीतरी वेळ उभी होते. ही पट्टी तू स्वतः ठोकली होतीस, दवाखाना उघडलास त्या दिवशी, आणि मला म्हणाला होतास, “माणूस घर विकील, बैल विकील, पण दातांचा डॉक्टर खुर्ची देत नसतो.” तेव्हा नव्या विजेच्या खुर्चीची गोष्ट कोणाला सांगतोस?

तरी मी रहमतला विचारलं. त्यानं आधी दोर गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, “बाई, खोटं कायले सांगू? खुर्ची उचलाले गेलतो तं तिथं दवाखाना कुठी राह्यला? भाड्यानं देऊन टाकला, आता तिथं कापडाचं दुकान लागून राह्यलं. डाक्टरसाहेब मागच्या खोलीत राह्यतात. मले म्हने, बाईले काही सांगू नको. पन खुर्ची गाडीत चढली तवा थे तोंड फिरवून उभे होते.”

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, रडू येत नाही, राग येतो. या वेळी दोन्ही आलं. मग बसून तुझी सगळी पत्रं वाचली. राजधानी गेली तेव्हाच तुझे साहेब गेले. माझी खोली रिकामी होती तेव्हा तुझीही होत होती. आणि तू मला पट्टी पाठवलीस, सुया पाठवल्यास, वर थट्टा केलीस. आणि मी इथे बसून तुझ्या मोठेपणावर रुसत होते! हत्तीचे दात म्हणतात ते असे, दाखवायचे वेगळे. पण दादा, दातांच्या डॉक्टरला ते आधी ओळखू यायला हवे होते.

दया करते आहे असं मनात आणलंस तर आधीच सांगते, तसं काही नाही. २० डिसेंबर १९५६ चं तुझं पत्र माझ्यासमोर आहे. त्यात ‘अट मंजूर आहे’ असं लिहिलं आहेस आणि पुढे तुझी सही आहे. ज्याचा दवाखाना चालणार नाही त्यानं दुसऱ्याच्या दुसऱ्या खुर्चीवर काम करायचं. मी हरले असते तर तू मला सोडलं असतंस का? ट्रक पाठवला असतास. तर आता मुकाट्यानं ये. इथे कवळीसाठी लोक थांबून आहेत आणि माझी कवळी तुला ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी तर मला पाणी प्यायला फुरसत नसते. माल मिळो न मिळो, कापूस पिको न पिको, दोन माणसं मिळून जास्त दिवस टिकाव धरतात.

बापूंनी मागची खोली चुना लावून तयार केली आहे. वहिनींना सांग, दुधाची भरपाई इथे मिळेल.

आणि एक. तुझी खुर्ची खिडकीशी लावली आहे. तिच्या खाली आणि तुझ्या उभं राहायच्या जागेखाली विटांचा एक थर घातला आहे. माझी खुर्ची आहे तिथेच, खाली. थोरल्यानं आणि धाकटीनं एकाच पातळीला उभं राहायचं, हे आपल्यात चालत नाही. मला हे उशिरा कळलं, पण एकदा कळलं ते विसरत नाही. धुरपताबाईंनी ओट्यावरून माप पाहून ‘बराबर हाय’ म्हटलं आहे.

वाट पाहते.

तुझी,
कोकिळा


नागपूर
१७ मार्च १९६३

चि. कोके,

सही ओळखली. माझीच आहे.

चार वेळा उत्तर लिहायला बसलो आणि चार वेळा कागद फाडला. प्रत्येक वेळी काहीतरी कारण लिहीत होतो. शेवटी भागीरथेनं हातातून लेखणी काढून घेतली आणि ट्रंक भरायला घेतली. सोमवारच्या गाडीनं निघतो. पूस नदी कुठल्या बाजूला वाहते तेही पाहून घेऊ.

माझ्या खुर्चीखालच्या विटा काढ. सासूबाईंना ओटा हवा होता, मला नको. दिवा एकच आहे म्हणालीस ना? मग दोन्ही खुर्च्या एका पातळीला असल्या तरच तो दोघांना पुरेल. मधोमध टांग.

तुझा,
उत्तमदादा